पराभूतांचीं नांवें

आगाशीहून अर्नाळ्याच्या किनाऱ्यास जावयास फारसा वेळ लागत नाहीं. किनाऱ्यावर उभें राहिलें म्हणजे समोर पाण्यांत अर्नाळ्याचा जंजिरा दिसतो. ह्याच जंजिऱ्याचें नांव धारण करणारी एक युद्धनौका १८ जून २०२५ रोजीं विशाखापट्टणम् येथें भारतीय नौदलांत दाखल झाली. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांत पाणबुड्यांचा माग काढून त्यांचा नाश करणें हें तिचें काम असून, अशा सोळा नौकांच्या मालिकेंतील ती पहिली होय. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत दुसरें एक वृत्त आलें होतें. कलकत्त्याचा फोर्ट विल्यम, म्हणजे आपल्या भूसेनेच्या पूर्व विभागाचें मुख्य ठाणें, ह्यापुढें ‘विजयदुर्ग’ ह्या नांवानें ओळखला जाणार. तेथील सेंट जॉर्ज गेटास शिवाजी महाराजांचें आणि किचनेर हाऊसास माणेकशा ह्यांचें नांव मिळालें. कोंकणच्या दोन सागरी किल्ल्यांचीं नांवें एकाच वर्षांत देशाच्या पूर्व भागांत जाऊन बसावीं, ह्याचा आनंद कोंकणवासीयांस होणें स्वाभाविक आहे. तो आम्हांसही झाला, हें आरंभींच सांगून टाकतों.

परंतु ह्या आनंदांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें खडा टाकला. मुलगी ह्याच परिसरांतील. आडनांव पोर्तुगीज, घरांतली बोली मराठी. तिनें विचारलें, “सर, फोर्ट विल्यमचें नांव गेलें तें योग्यच झालें असें आपण म्हणालांत. हरलेल्यांचें नांव पुसावयाचें हाच नियम वसईस लावला, तर माझ्या नांवाचें काय करावयाचें?” वर्ग हसला. ती हसली नाहीं; आणि घरीं परततांना आम्ही विचार करूं लागलों तेव्हां आमचेंही हसूं मावळलें. त्या दिवशीं आम्हीं तिला जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. तें पुरें करण्याचा प्रयत्न येथें करावयाचा आहे.

हा वाद केवळ आपलाच आहे असें नव्हे. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ ह्या काळांत जें यादवी युद्ध झालें त्यांत, गुलामगिरी राखण्यासाठीं संघराज्यांतून फुटून निघालेलीं दक्षिणेकडील राज्यें पराभूत झालीं. पुढें दोन महायुद्धांच्या वेळीं नव्या लष्करी छावण्या उभ्या कराव्या लागल्या, तेव्हां त्यांपैकीं कित्येकांस ह्याच पराभूत पक्षाच्या सेनापतींचीं नांवें देण्यांत आलीं: १९१७ सालीं ली, १९१८ सालीं ब्रॅग आणि बेनिंग, १९४२ सालीं हूड. राष्ट्राच्या सैन्याशीं जे लढले त्यांचीं नांवें त्याच सैन्याच्या दारावर लागावीं, हा प्रकार वरकरणीं चमत्कारिक वाटतो. परंतु त्याचें कारण फार खोल नाहीं. छावण्या दक्षिणेंत व्हावयाच्या होत्या आणि तेथील गोऱ्या समाजाची मर्जी राखणें सोयीचें होतें. त्याच छावण्यांत ज्या काळ्या शिपायांस कवाईत करावी लागली, त्यांच्या मर्जीचा विचार कोणीं केला नाहीं.

अखेर १ जानेवारी २०२१ रोजीं अमेरिकन काँग्रेसनें अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून कायदा केला, आणि त्यान्वयें नेमलेल्या आयोगाच्या शिफारशीवरून २०२३ सालीं अशा नऊ छावण्यांचीं नांवें बदललीं गेलीं. ब्रॅगचें ‘लिबर्टी’ झालें. लीच्या जागीं ग्रेग आणि ॲडम्स ह्या दोन काळ्या सेनाधिकाऱ्यांचीं नांवें आलीं. परंतु २०२५ सालीं सत्तांतर होतांच जुनीं नांवें परत आलीं. बंडखोर सेनापतींचा गौरव करण्यास कायद्यानें मनाई झालेली असल्यामुळें युक्ति अशी काढण्यांत आली कीं, त्याच आडनांवाचे दुसरे शिपाई शोधून काढावयाचे. आतांचा ब्रॅग हा दुसऱ्या महायुद्धांतील एक साधा शिपाई. आतांचा ली हा स्पेनशीं झालेल्या युद्धांत शौर्यपदक मिळविणारा एक काळा शिपाई. पाटी तीच, मनुष्य निराळा! त्या शिपायांचें शौर्य खरें आहे. परंतु दुसऱ्याचें नांव झांकण्याच्या पडद्यासारखा त्यांचा उपयोग व्हावा, ही त्यांचीही एक प्रकारें अवहेलनाच होय.

ह्या वादांत जुनीं नांवें राखूं पाहणारे म्हणतात, नांव पुसल्यानें इतिहास पुसला जातो. बदलूं पाहणारे म्हणतात, नांव हा इतिहास नसून गौरव आहे. आम्हांस असें वाटतें कीं दोघेही अर्धें सत्य सांगतात; कारण सर्व नांवें एकाच जातीचीं नसतात. हें आमच्या कोंकण किनाऱ्यावर जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल. ह्या किनाऱ्यावर किल्ल्यांस नांवें घालण्याचा आणि तीं पुसण्याचा उद्योग शतकानुशतकें चालला होता.

सावित्री नदीच्या मुखावरील बाणकोट म्हणजे मराठ्यांचा हिंमतगड. तो इंग्रजांकडे गेल्यावर त्यांनीं त्यास ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हटलें. १७६५ सालीं मालवणचा सिंधुदुर्ग त्यांच्या हातीं पडला, तेव्हां त्याचें बारसें ‘फोर्ट ऑगस्टस’ असें झालें. आज मालवणच्या धक्क्यावर एखाद्या होडीवाल्यास फोर्ट ऑगस्टस कोठें म्हणून विचारावें, तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. फोर्ट विल्यमच्या गांवाची कथाही अशीच आहे. १७५६ सालीं सिराजउद्दौल्यानें कलकत्ता जिंकून त्याचें ‘अलीनगर’ केलें. तें नांव पुरतें वर्षभरही टिकलें नाहीं. आणि हा दोष केवळ परक्यांचाच आहे असें कोणीं समजूं नये. अर्नाळ्याच्या बेटास पोर्तुगीज ‘गाईंचें बेट’ म्हणत. तें नांव गेलें. परंतु वसई घेतल्यावर मराठ्यांनींही तिचें नांव ‘बाजीपूर’ ठेवल्याची नोंद आहे, आणि तेंही गेलें! पोर्तुगीजांचें ‘बसाईं’, बाजीरावाचें ‘बाजीपूर’, इंग्रजांचें ‘बॅसीन’, हीं तिन्ही सरकारी नांवें कागदांवर राहिलीं, आणि शेतकऱ्या-कोळ्यांच्या तोंडचें ‘वसई’ तेवढें उरलें. बाजीरावासारख्या पुरुषाचें नांवही लोकांच्या जिभेनें स्वीकारलें नाहीं, ही गोष्ट नांवें बदलणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

फोर्ट विल्यमच्या नव्या नांवासंबंधानेंही एक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्ग तुळाजी आंग्र्याच्या हातून गेला, तो वॉटसनच्या आरमारानें आणि क्लाईव्हच्या फौजेनें घेतला. आणि ह्या मोहिमेंत इंग्रजांचा भागीदार दुसरा कोणी नसून खुद्द नानासाहेब पेशवा होता. त्या लढाईंत आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. पुढें वर्षाच्या आंतच तेच वॉटसन आणि क्लाईव्ह बंगालच्या किनाऱ्यावर दिसतात. १७५७ च्या जानेवारींत त्यांनीं कलकत्ता परत घेतलें, जूनमध्यें प्लासीची लढाई झाली, आणि त्यानंतर आज उभा असलेला फोर्ट विल्यम बांधावयास घेण्यांत आला. म्हणजे ज्यांनीं विजयदुर्ग पाडाव केला त्यांनींच फोर्ट विल्यमचा मार्ग मोकळा केला. त्या किल्ल्यास आज विजयदुर्गाचें नांव मिळावें, ह्यांत काळानें उगविलेला सूड कोणास दिसेल, आणि दिसला तरी त्यांत वावगें नाहीं. परंतु मराठ्यांचें आरमार मराठ्यांच्या धन्यानेंच परक्याकडून जाळविलें, ही गोष्ट त्या पाटीवर लिहिलेली नाहीं. पाटी बदलणें एका दिवसाचें काम आहे. ही गोष्ट विद्यार्थ्यांस समजावून देणें हें पुष्कळ अधिक अवघड काम आहे, आणि तें आम्हां शिक्षकांचें आहे.

मुंबईच्या नौदलाचें उदाहरणही विचार करण्याजोगें आहे. तेथील कॅसल बॅरॅक्समधील ठाणें पूर्वीं ‘डलहौसी’ ह्या नांवानें ओळखलें जाई. सातारा, झांशी व नागपूर हीं राज्यें ज्यानें खालसा केलीं त्याच्या नांवाखालीं मराठी खलाशी चाकरी करीत होते. १९४६ च्या फेब्रुवारींत नाविकांचें बंड झालें तेव्हां ह्याच बॅरॅक्समध्यें गोळीबार झाला. १९५१ सालीं त्या ठाण्यास ‘आंग्रे’ हें नांव मिळालें. ज्या कान्होजीस इंग्रज आणि पोर्तुगीज दोघेही चांचा म्हणत, त्याचें नांव इंग्रजांच्याच जुन्या कोटांत लागलें. हा बदल योग्य होता, ह्याविषयीं आम्हांस तिळमात्र संशय नाहीं. परंतु ह्याच्या शेजारीं दुसरी एक हकीकत ठेवावी. लोणावळ्याच्या नौदलाच्या शिक्षणकेंद्रास शिवाजी महाराजांचें नांव स्वतंत्र भारतानें दिलेलें नाहीं. तें १९४५ सालीं, इंग्रजांच्या अमदानींतच, देण्यांत आलें. जेत्यांनीं जितांच्या थोर पुरुषाचें नांव आपल्या छावणीस कां द्यावें? शिपाई हवे होते म्हणून. अमेरिकेंत दक्षिणेच्या सेनापतींचीं नांवें ज्या हेतूनें आलीं त्याच्याशीं हा हेतु अगदींच विसंगत नाहीं. नांव थोर असलें म्हणून तें देणाऱ्याचा हेतु थोर असतोच असें नाहीं; आणि हेतु हलका असला म्हणून तें नांव टाकून द्यावें असेंही कोणी म्हणणार नाहीं.

आतां वसईकडे वळूं. डिसेंबर १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. आगाशीस तर त्यांच्या सत्तेचा चटका त्याआधींच बसला होता. १५३० च्या सुमारास त्यांनीं जहाजबांधणीचें हें गांव जाळलें. पुढें दोन शतकें वसई ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. तेथील कोटाच्या कित्येक बुरुजांस त्यांनीं सेबॅस्तियन, पेद्रु, पावलु अशा आपल्या संतांचीं नांवें दिलीं. ह्या दोन शतकांत देवळें पाडलीं गेलीं, धर्मांतरें झालीं, गोव्याच्या इन्क्विझिशनचा धाक येथवर पोंचला. गंगाजी नाईक अंजूरकरांसारख्या माणसांनीं पेशव्यांच्या दरबारीं गाऱ्हाणीं नेलीं, तीं उगीच नव्हेत. हें दुःख लपविणें म्हणजे इतिहासाशीं बेइमानी करणें होय.

१७३७ च्या मार्चांत मोहीम सुरू झाली. ठाणें पडलें, अर्नाळा हातीं आला. परंतु वसई दोन वर्षें झुंजत राहिली. अखेरीस १७३९ च्या मे महिन्यांत सेबॅस्तियन बुरुजाखालीं सुरुंग उडवून चिमाजी आप्पाच्या सैन्यानें खिंडार पाडलें. ह्या एका वेढ्यांत मराठ्यांचीं पांच हजार माणसें मेलीं वा जायबंदी झालीं असें ग्रँट डफ लिहितो. पोर्तुगीजांचा सेनापति सिल्वेरा द मेनेझिस वेढ्यांत कामास आला, आणि त्याच्या मागून आलेल्या कायतानो द सौझा परेरानें १६ मे रोजीं तहाच्या अटी कबूल केल्या. एवढें रक्त सांडलेलें असतांना त्या अटींत सूड नाहीं, हें विशेष आहे. शिबंदीनें निशाणें फडकावीत सन्मानानें बाहेर पडावें, ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं आपली चीजवस्त घेऊन जावें, आणि जे राहतील त्यांनीं आपला धर्म सुखानें पाळावा, असा त्यांचा आशय आहे. २३ मे रोजीं फिरंगी निघून गेले.

येथें आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें मर्म सांपडतें. गेले कोण, आणि राहिले कोण? गेले ते शिबंदीचे लोक, सरदार, जमीनदार. राहिले ते ह्याच मातींत जन्मलेले, भात, केळीं आणि भाजीपाला पिकविणारे ख्रिस्ती शेतकरी आणि समुद्रावर जाणारे कोळी. पराभूत सेनापतींचीं जीं दोन नांवें आम्हीं वर लिहिलीं तीं आज वसईंत शंभरांत एकासही ठाऊक नसतील. त्यांच्या नांवाचा चौक आम्हीं कधीं पाहिला नाहीं. जीं पोर्तुगीज नांवें येथें उरलीं आहेत तीं सेनापतींचीं नव्हेत. तीं बाप्तिस्म्याच्या वेळीं बहुधा कोण्या पाद्र्याकडून वा धर्मपित्याकडून मिळालेलीं, आणि पुढें दहा-दहा पिढ्यांनीं नांगरासारखीं वापरून आपलीं केलेलीं शेतकऱ्यांचीं नांवें आहेत. लढाई ज्यांच्यांत झाली त्यांपैकीं ते कोणीच नव्हते; तिचा निकाल मात्र त्यांच्या शेतांतून गेला.

आगाशीच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीस कांहीं ठिकाणांहून विरोध झाला होता, हें वाचकांस स्मरत असेल. २०२४ च्या जुलैंत ते निवर्तले. आडनांव पोर्तुगीजांचें आणि लेखणी मराठीची, असा हा गृहस्थ जन्मभर ‘सुवार्ता’ आणि आपलीं पुस्तकें लिहीत राहिला. १७३९ च्या विजयाचें फळ कोणतें, असें आम्हांस कोणीं विचारल्यास पडक्या बुरुजांकडे बोट न दाखवितां आम्ही ह्या गोष्टीकडे दाखवूं. ज्यांना आपला धर्म पाळूं देऊं असें चिमाजी आप्पाच्या तहानें कबूल केलें, त्यांच्याच एका वंशजास मराठी भाषेनें आपल्या सर्वोच्च आसनावर बसविलें. तह पाळला गेला तो असा.

तेव्हां नांव ठेवावें कीं बदलावें, ह्याचा निर्णय करतांना तीन प्रश्न विचारावे असें आम्हांस वाटतें. पहिला, हें नांव सत्तेनें गौरवासाठीं लावलें आहे, कीं लोकांच्या राहणींतून तें रुजलें आहे? दुसरा, ह्या नांवाखालीं आज कोणास मान लववावी लागते? आणि तिसरा, नवें नांव खरें बोलतें काय? फोर्ट विल्यमवर विल्यम राजाचें नांव सत्तेनें लावलें होतें, आणि त्याखालून स्वतंत्र देशाचे सैनिक जात-येत होते. तें काढलें तें ठीक झालें. अमेरिकेच्या छावण्यांवरील नांवें पहिल्या दोन प्रश्नांवर टिकत नाहींत, आणि त्यांचा २०२५ मधला पुनर्जन्म तिसऱ्यावर टिकत नाहीं. गोव्यांत दाबोळीच्या नौदलाच्या विमानतळाशेजारच्या शहराचें नांव वास्को द गामा आहे, आणि १९६१ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही तें तसेंच राहिलें. तें सत्तेनें दिलेलें खरें. परंतु पिढ्यान्‌पिढ्या लोकांनीं ‘वास्को’ म्हणून तें आपल्या तोंडीं बसवून घेतलें आहे, आणि गाडीची पाटी वाचतांना कोणास त्या दर्यावर्दीचें स्मरण होत असेल असें वाटत नाहीं. त्याचा निर्णय तेथें राहणाऱ्यांनीं करावा; पुण्या-मुंबईच्या वा आगाशीच्या प्राध्यापकानें त्यांत पडूं नये. आणि माणसाच्या आडनांवास तर ह्यांपैकीं एकही प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणासच नाहीं. तें त्याच्या घराचें आहे.

येथें एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, आडनांवें कोणीं मागितलीं आहेत? वाद आहे तो किल्ल्यांचा आणि छावण्यांचा. हें खरें आहे. परंतु नांवें पुसण्याचा उत्साह एकदां चढला म्हणजे तो दगडापाशीं थांबतो असा इतिहासाचा अनुभव नाहीं. दगडावरील नांव शत्रूचें, म्हणून तें नांव असणारा मनुष्यही शत्रूचा, ही पायरी फार सोपी आहे. आणि आमच्या वर्गांतील ती मुलगी ह्याच पायरीस भीत होती. जो बदल करतांना आपण ‘हें येथवरच’ असें स्पष्ट सांगत नाहीं, तो योग्य असूनही शेजाऱ्याच्या मनांत भय उत्पन्न करतो. आणि विजयाचाही गर्व किती करावा, हें वसईइतकें दुसरें कोणतें गांव शिकविणार? ज्या नांवापाशीं १७३९ चा जय उभा आहे त्याच नांवापाशीं ३१ डिसेंबर १८०२ चा तहही उभा आहे. दुसऱ्या बाजीरावानें मराठ्यांचें स्वातंत्र्य इंग्रजांच्या पदरीं बांधलें तें वसईसच. त्रेसष्ट वर्षांत जेते जित झाले. तरीही ‘वसई’ हें नांव अपमानाचें म्हणून बदलावें, असें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

अर्नाळ्याच्या दरवाजावर एक मराठी शिलालेख आहे. त्यांत बाजीरावाच्या आज्ञेनें शंकराजीनें पाश्चात्त्यांचा पाडाव करून समुद्रांत हा जंजिरा बांधल्याचें सांगितलें आहे. त्याच शंकराजी केशव फडक्यांनीं बांधविल्याचें सांगतात तें भवानीशंकराचें देऊळ आगाशींत आहे. आणि त्याच आगाशींत संत याकोबाचें चर्चही आहे. दोन्हींकडच्या घंटा गांवास ऐकूं येतात. दरवर्षीं मे महिन्यांत वसईच्या विजयाचें स्मरण होतें. तेव्हां आमचेही विद्यार्थी किल्ल्यांत जातात. पुढच्या वेळीं त्या विद्यार्थिनीस आम्ही बरोबर घेऊन जाणार आहोंत. सेबॅस्तियन बुरुजाच्या पडक्या भिंतीपाशीं उभें राहून, येथें मेलेल्या मराठ्यांची संख्या तिला सांगूं, पोर्तुगीजांनीं जाळलेल्या आगाशीची हकीकत सांगूं, आणि १६ मेच्या तहांतील तें कलमही सांगूं. त्या दिवशीं तिनें कोठें उभें राहावें, हें तिला कोणीं सांगावयास नको. तें कलम जेथें वाचलें जाईल तेथें तिची जागा अडीचशें वर्षांहून अधिक काळ राखून ठेविलेली आहे.